यंत्राची झोप

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरात सर्वांत जास्त झोपणारे कोण, असे विचारले तर बहुतेक घरांत कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले जाईल. खरे उत्तर वेगळे आहे. घरात सर्वांत जास्त झोपतो तो टीव्हीचा रिमोट. दिवसभरात आपण त्याची बटणे फार तर शे-दोनशे वेळा दाबत असू. प्रत्येक वेळी तो सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा जागा होतो, कोणते बटण दाबले गेले ते पाहतो, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची चारदोन स्पंदने टीव्हीकडे धाडतो आणि पुन्हा झोपी जातो. चोवीस तासांतली त्याची सगळी जाग एकत्र केली तर पाऊण मिनिटही भरत नाही. दोन पेन्सिल सेलांवर तो वर्ष-दीड वर्ष चालतो ते यामुळेच.

या रिमोटच्या पोटात एक छोटा प्रोसेसर असतो. टेबलावरच्या संगणकाचा हा गरीब नातेवाईक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही आणि नावही नाही. एका यंत्रात एका कामासाठी त्याला कायमचा बसवून टाकलेला असतो. ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरमध्ये तो आहे, साखर तपासायच्या ग्लुकोमीटरमध्ये आहे, मोटारीच्या किल्लीत आहे, विजेच्या मीटरमध्ये आहे. यातली कितीतरी यंत्रे भिंतीतल्या वायरीला जोडलेली नसतात. एक छोटा सेल हीच त्यांची आयुष्यभराची शिदोरी. ती पुरवून पुरवून कशी खायची, हा आजचा विषय.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला या वाटेवर आणले ते माझ्या भाच्याने. तो असल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. एकदा त्याला विचारले, ‘‘दिवसभर नेमकं करतोस तरी काय?’’ तर म्हणाला, ‘‘मामू, यंत्राला काम शिकवायला दोन महिने लागले. आता चार महिने त्याला झोपायला शिकवतोय.’’ मला वाटले, थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती.

प्रोसेसर वीज का खातो, हे आधी पाहू. त्याच्या आत लाखो बारीक विद्युत-फाटके असतात. ती सतत उघडतात आणि मिटतात. प्रत्येक फाटकाशी विद्युतभाराचे एक इवलेसे भांडे आहे अशी कल्पना करा. फाटकाची स्थिती बदलली की ते भांडे भरावे लागते किंवा ओतून द्यावे लागते. रहाटाची पोहरी जशी भरते आणि रिकामी होते, तसेच. एका भांड्याचा खर्च नगण्य, पण अशी भांडी लाखो, आणि रहाट सेकंदाला लाखो-कोट्यवधी फेरे घेणारा. हा रहाट फिरवतो तो प्रोसेसरचा ठोका, म्हणजे त्याला ताल देणारे अंतर्गत घड्याळ. ठोका जितका जलद, तितका खर्च जास्त. विजेचा दाब वाढवला तर खर्च त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दाब निम्मा केला, तर प्रत्येक भरणी-ओतणीचा खर्च चौथाईवर येतो.

यातच एक सोयीची गोष्ट दडलेली आहे. रहाट थांबवला की खर्च जवळजवळ थांबतो. १९६३ साली अमेरिकेत फ्रँक वॉनलास नावाच्या तरुण अभियंत्याने फाटकांची एक जोडीदार रचना मांडली. तिला सीमॉस म्हणतात. जोडीतले एक उघडे असेल तेव्हा दुसरे मिटलेले राहते, त्यामुळे स्थिती बदलत नसताना विजेला आरपार जायला वाटच उरत नाही. आजचे बहुतेक सगळे प्रोसेसर याच रचनेवर उभे आहेत. म्हणून असा प्रोसेसर गप्प बसतो तेव्हा खरोखरच फार थोडे खातो. अगदी शून्य नव्हे. नळ कितीही घट्ट केला तरी एखादा थेंब टपकतोच, तशी थोडी गळती राहते. फाटके जसजशी बारीक होत गेली तसतशी ही गळतीही डोकेदुखी होऊन बसली. म्हणून गाढ झोपेत नुसता ठोका थांबवून भागत नाही, प्रोसेसरच्या काही भागांचा वीजपुरवठाच तोडावा लागतो.

आता थोडे गणित. रुपयाच्या नाण्याएवढा जो चपटा सेल मिळतो, त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास एवढी शिदोरी असते. समजा, आपला प्रोसेसर जागा असताना ५ मिलिअँपिअर घेतो. तो सतत जागा राहिला, तर सेल ४४ तासांत संपेल. दोन दिवससुद्धा नाहीत. झोपेत तो २ मायक्रोअँपिअर घेतो असे धरा, म्हणजे जागेपणाच्या अडीच हजाराव्या हिश्शाएवढे. आता त्याला दर दहा सेकंदांनी फक्त एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरते उठवायचे. उठायचे, खोलीचे तापमान पाहायचे, नोंद करायची, झोपायचे. या हिशेबाने सरासरी खर्च येतो ७ मायक्रोअँपिअर, आणि तोच सेल साडेतीन वर्षांहून जास्त पुरतो. सेल तोच आणि कामही तेच. मधल्या रिकाम्या वेळात यंत्र काय करते, एवढाच फरक.

काम नसताना जागे राहून वाट पाहणे ही प्रोसेसरची जुनी खोड आहे. शिकाऊ माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम बहुधा असाच असतो. ‘बटण दाबले का? नाही. आता दाबले का? नाही. आता?’ सेकंदाला लाखो वेळा तो हाच प्रश्न विचारत बसतो. बस येते का ते पाहायला रस्त्यावर मिनिटाला दहा वेळा डोकावणारा प्रवासी पाहिला असेल. बस त्यामुळे लवकर येत नाही, मान तेवढी दुखते. याला उपाय म्हणून प्रोसेसरमध्ये हाक मारण्याची सोय केलेली असते. तिला इंटरप्ट म्हणतात. बटण दाबले गेले, ठरलेला वेळ झाला, तारेवरून संदेश आला, की एक हाक जाते आणि प्रोसेसर उठून बसतो. आमच्याकडे रमजानमध्ये सहरीसाठी गल्लीगल्लीतून लोकांना उठवत जाणारी माणसे असत. मोबाईलच्या गजरांमुळे त्यांची गरज आता फारशी उरलेली नाही. त्या एका माणसाच्या भरवशावर सगळी गल्ली निर्धास्त झोपत असे. इथेही तेच आहे. सगळे झोपायचे असतील, तर कोणीतरी एक जागा हवा.

प्रोसेसरच्या गल्लीतला हा जागल्या म्हणजे बहुतेक वेळा एक क्वार्ट्झचा स्फटिक आणि त्याच्याबरोबरचा एक साधा मोजणारा. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो निम्मा, पुन्हा निम्मा, असा पंधरा वेळा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. आपल्या मनगटी घड्याळात हाच स्फटिक असतो. मुख्य ठोका सेकंदाला लाखो-कोट्यवधींचा. त्याच्या तुलनेत हा कंप अगदी संथ, म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवणे परवडते. मुख्य प्रोसेसर घोरत पडलेला असतो, हा मोजत राहतो, आणि आकडा भरला की हाक देतो.

झोपेच्याही पायऱ्या असतात. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना आपापली नावे दिली आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या चिपमध्ये त्यांना शून्यापासून चारपर्यंत क्रमांक आहेत, तर एसटीएम३२ या चिपमध्ये स्लीप, स्टॉप आणि स्टँडबाय अशी चढती नावे आहेत. नावे सोडून द्या, तत्त्व एकच आहे. पहिल्या पायरीवर फक्त प्रोसेसरचा मेंदू थांबतो आणि त्याच्याभोवतीची आवक-जावक सांभाळणारी मंडळी चालू राहतात. ही दुपारची डुलकी. हाक आली की डोळे लगेच उघडतात. दुसऱ्या पायरीवर जवळजवळ सगळे ठोके थांबतात, पण स्मृतीला वीज मिळत राहते. जागे झाल्यावर यंत्राला आपण कुठे होतो ते आठवते आणि काम तिथूनच पुढे सुरू होते. तिसऱ्या पायरीवर स्मृतीचीही वीज तोडतात.

ही तिसरी पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. तिच्यातून उठलेले यंत्र नव्याने जन्मल्यासारखे असते. त्याचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. म्हणून उठल्याबरोबर त्याला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो. आपण आत्ता पहिल्यांदाच चालू झालो, की आधीपासून होतो आणि झोपलो होतो? त्याचे उत्तर चिपमध्ये एका कोपऱ्यात एका खुणेच्या रूपाने जपून ठेवलेले असते. तिच्याजवळ स्मृतीचे थोडेसे कप्पेही असतात. काही चिप्समध्ये तर ते अवघे वीस-तीस शब्द मावतील एवढेच. झोपण्यापूर्वी यंत्राने जे अगदी महत्त्वाचे ते तिथे लिहून ठेवायचे. सगळे विसरायचे ठरले, तर वीस शब्दांत काय लिहून ठेवाल? कविता करणाऱ्याला हा प्रश्न काही परका नाही.

मग सरसकट गाढ झोपच का घेऊ नये? कारण गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो, आणि उठण्यालाही वीज लागते. कुंभकर्णाला उठवायला ढोल, नगारे, हत्ती आणि अन्नाचे डोंगर लागले. सहा महिन्यांच्या झोपेसाठी तो खर्च ठीक आहे, पाच मिनिटांच्या डुलकीसाठी परवडणार नाही. मुख्य ठोका देणारा स्फटिक सुरू होऊन स्थिरावायला काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ काम काही नाही आणि खर्च चालू. त्यामुळे पुढची हाक कधी येणार याचा अंदाज घेऊन पायरी निवडावी लागते. अंदाज चुकला तर झोपूनही शिदोरी जास्तच संपते.

आता भाच्याचे चार महिने कुठे गेले, ते सांगतो.

रात्रपाळीचा एक पहारेकरी आहे असे समजा. नियम असा की नोंदवहीत काही काम लिहिलेले असेल तर ते करायचे, नसेल तर झोपायचे. कोणी नवे काम लिहिले, तर लिहिणारा एकदा घंटा वाजवेल आणि झोपलेला पहारेकरी उठेल. नियम निर्दोष दिसतो. आता पाहा. पहारेकऱ्याने वही उघडली, ती कोरी होती. त्याने वही मिटली आणि तो खाटेकडे वळला. नेमक्या त्याच क्षणी कारकून आला, वहीत काम लिहिले, घंटा वाजवली आणि निघून गेला. घंटा वाजली तेव्हा पहारेकरी जागाच होता, त्यामुळे तिने कोणाला उठवलेच नाही. वही तर तो आधीच पाहून आला आहे. तो आडवा होतो. वहीत काम पडून आहे, घंटा वाजून गेली आहे, आणि पहारेकरी झोपला आहे.

प्रोसेसरमध्ये हे अगदी असेच घडते. ‘काम आहे का’ हे पाहणे आणि ‘झोप’ ही आज्ञा यांच्यामध्ये सेकंदाच्या दशलक्षाव्या हिश्शाची फट असते. हाक नेमकी त्या फटीत आली तर ती वाया जाते. अशी गाठ क्वचितच पडते. पण यंत्र दिवसातून दहा-दहा हजार वेळा झोपत असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत केव्हातरी पडणारच. टेबलावर तपासताना यंत्र नीट चालते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मुके होते. सेल काढून पुन्हा घातला की पुन्हा नीट.

इलाज चिप बनवणाऱ्यांनीच करून ठेवला आहे, मात्र तो वापरायला हवा. वही पाहण्याआधी घंटेचा आवाज दाबून ठेवायचा. वाजलेली घंटा त्यामुळे पुसली जात नाही, ती वाजली होती याची नोंद राहते. मग वही पाहायची आणि झोपायचे. आर्म जातीच्या छोट्या प्रोसेसरमध्ये ‘हाकेची वाट पाहा’ अशी एक स्वतंत्र आज्ञाच आहे. अशी दाबून ठेवलेली हाक शिल्लक असेल तर ती आज्ञा झोपूच देत नाही. एव्हीआर चिपमध्ये घंटेचा आवाज मोकळा केल्यानंतरची एक आज्ञा हाक येण्याआधी हमखास पार पडते, त्या जागी ‘झोप’ ही आज्ञा लिहितात. एमएसपी४३० मध्ये तर आवाज मोकळा करणे आणि झोपणे या दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेत उरकतात. तीन घराण्यांचे तीन रिवाज, पण मधली फट तिघांनीही बुजवली आहे.

दुसरा त्रास झोपेच्या सोंगाचा. झोपलेल्याला उठवता येते, सोंग घेतलेल्याला नाही, हे आपण जाणतोच. कविसंमेलनात पहिल्या रांगेत उघड्या डोळ्यांनी झोपणारे असतात. इथला प्रकार त्याच्या नेमका उलट, डोळे मिटलेले आणि आत जाग. आमच्या शेजारी एका घरी दाराची बिनतारी घंटा होती. तिचा चपटा सेल महिन्याभरात संपायचा. भाच्याने ती उघडून मोजमाप केले. प्रोसेसर बिचारा शिस्तीत झोपत होता. पण झोपताना त्याने आपला एक पाय खाली दाबून धरलेला असे, आणि त्या पायाला दहा हजार ओहमच्या रोधातून ३ व्होल्टचा पुरवठा जोडलेला होता. त्या वाटेने रात्रंदिवस तीनशे मायक्रोअँपिअर वाहत होते. २२० ला ०.३ ने भागा, सातशे तेहतीस तास येतात. बरोबर एक महिना. तो पाय मोकळा सोडण्याची एक ओळ प्रोग्रॅममध्ये असती, तर तीच घंटा काही वर्षे वाजली असती. असले दोष शोधणे हे कंटाळवाणे काम आहे. एकेक पाय, एकेक जोडलेला भाग तपासत जायचे आणि मीटरवरचा आकडा कधी खाली येतो ते पाहत बसायचे.

घंटेचा सेल संपला तर पाहुणा दारावर थाप मारील. सगळीकडे असे नसते. आमच्या भाईजानच्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर आहे. हृदयाचा ठोका चुकला तर विजेचा हलका झटका देऊन तो पाडायचा, हे त्याचे काम. असे यंत्र माणसाच्या शरीरात पूर्णपणे बसवण्याचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये झाला. शल्यचिकित्सक ऑके सेनिंग, यंत्र बनवणारे रूने एल्मक्विस्ट आणि रुग्ण आर्ने लार्सन. ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन मात्र पुढे एकामागून एक यंत्रे बदलत २००१ सालापर्यंत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर ते गेले.

सुरुवातीचे पेसमेकर हृदय काय करते आहे याची पर्वा न करता आपले ठोके देत राहत. आजचा पेसमेकर आधी ऐकतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला की तो गप्प बसतो, ठरलेल्या वेळात ठोका आला नाही तरच पुढे होतो. त्यातला ऐकणारा भाग कधीच झोपत नाही, पण तो अत्यंत मितव्ययी असतो. हिशेब करणारा प्रोसेसर मात्र दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही झोप काढून घेतो. सगळे मिळून खर्च साधारण दहा-वीस मायक्रोअँपिअर. आतली बॅटरी एका अँपिअर-तासाच्या आसपासची. दहाने भागले तर एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांच्या वर. बॅटरी उतरली की शस्त्रक्रिया करून अख्खी डबी बदलावी लागते. तपासणीला गेलो की डॉक्टर छातीवर एक यंत्र टेकवतात आणि पडद्यावर उरलेली वर्षे दिसतात. भाईजान तिकडे पाहत नाहीत, मी पाहतो. गेल्या खेपेला डॉक्टरांनी झटक्याची ताकद किंचित कमी केली, तर उरलेल्या आयुष्याचा आकडा वाढला. यंत्राच्या आयुष्याचा, अर्थात.

आता जिथे सेल बदलायला कोणी जाऊच शकत नाही, अशा ठिकाणची गोष्ट. जानेवारी २००४ मध्ये ‘नासा’च्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या दोन जुळ्या गाड्या मंगळावर उतरल्या. सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या आणि नव्वद दिवसांच्या कामासाठी बनवलेल्या. मंगळावरच्या जीवघेण्या थंडीच्या रात्री त्यांचा मुख्य संगणक बंद केला जाई. जागे राहत ते एक घड्याळ, बॅटरी सांभाळणारे मंडल आणि जरूर पडेल तशी ऊब देणारे हीटर. सकाळी उठवायच्या दोन वाटा होत्या, घड्याळाचा गजर किंवा पंखांवर पडलेले ऊन.

उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २१ जानेवारीला स्पिरिटचे बोलणे बंद पडले. मधूनच नुसता एखादा सूर येई, माहिती काहीच नाही. दोन दिवसांनी थोडीशी माहिती हाती लागली तेव्हा अभियंत्यांना कळले की गाडीला निद्रानाश झाला आहे. संगणक रात्रभर जागा होता, तापला होता आणि बॅटरी उतरत चालली होती. तो साठाहून अधिक वेळा बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. कारण अगदी घरगुती निघाले. कायमच्या साठवणीत फायली फार साचल्या होत्या. त्यांची यादी मांडायला कामचलाऊ स्मृती पुरेना, म्हणून संगणक कोलमडे, पुन्हा सुरू होई, आणि सुरू झाल्याबरोबर तीच यादी मांडायला घेई. या चक्रात झोपायच्या आज्ञेपर्यंत तो पोचतच नव्हता.

झोपला नाही तर बॅटरी संपणार, आणि बॅटरी संपली तर गाडी थंडीने मरणार. इथून पाठवलेल्या आज्ञा पोचायलाच काही मिनिटे लागत होती. निकराच्या वेळी वापरायची झोपेची एक आज्ञा त्या प्रोग्रॅममध्ये होती. तिच्या सांकेतिक नावात ‘झोप म्हणतो ना’ अशा अर्थाचा एक वैतागलेला इंग्रजी उद्गार दडलेला होता. अपरात्री मूल जागवणाऱ्या कोणत्याही आईला तो कळेल. अखेर त्यांनी संगणकाला सांगितले, साठवणीकडे पाहूच नकोस, तिच्याशिवाय सुरू हो. त्याने ऐकले. चक्र थांबले, गाडी झोपू लागली, आणि फेब्रुवारीत साठवण पुसून साफ केल्यावर ती कामाला लागली.

जुळ्या भावंडाची तऱ्हा वेगळी. अपॉर्च्युनिटीच्या यांत्रिक हाताच्या खांद्यातला एक हीटर उतरल्यापासूनच चालू राहिला, बंदच होईना. रात्री संगणक झोपला तरी तो आपला वीज खात बसे. पुन्हा तेच, डोळे मिटलेले आणि आत जाग. त्यावर तोड काढली गेली ती आणखी गाढ झोपेची. रात्री बॅटऱ्याच तोडून टाकायच्या, म्हणजे हीटरलाही वीज नाही. सकाळी पंखांवर ऊन पडले की सगळे पुन्हा जोडले जाईल. यात धोका होता. ज्या उपकरणांना रात्री ऊब हवी होती, त्यांनाही ती मिळणार नव्हती. अभियंत्यांनी तो पत्करला. नव्वद दिवसांसाठी गेलेली ती गाडी चौदा वर्षांहून अधिक चालली.

स्पिरिट २००९ मध्ये मऊ वाळूत रुतली. पंख सूर्याकडे कलतील अशा उतारावर हिवाळ्यात जाऊन उभे राहणे तिला जमले नाही. २२ मार्च २०१० नंतर तिच्याकडून काही आले नाही. शिदोरी संपत आली, की घड्याळाखेरीज सगळे बंद करून बॅटरी भरण्याची वाट पाहायची, असे तिला शिकवलेले होते. ती तशीच झोपली असावी अशी आशा होती. वर्षभराहून अधिक काळ तिला हाका मारल्या आणि २५ मे २०११ रोजी त्या थांबवल्या. अपॉर्च्युनिटी जून २०१८ मधल्या धुळीच्या प्रचंड वादळात गप्प झाली. हजाराहून अधिक वेळा आज्ञा पाठवूनही ती उठली नाही, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. उठवणारे होते ते ऊन, आणि पंखांवर धूळ बसली होती.

आपल्याकडचा प्रसंग तर अजून लोकांच्या आठवणीत असेल. चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. काम होते एका चांद्रदिवसाचे, म्हणजे आपल्या चौदा दिवसांचे. ते पुरे झाल्यावर २ सप्टेंबरला ‘प्रज्ञान’ गाडीला आणि ४ सप्टेंबरला ‘विक्रम’ला झोपवण्यात आले. पुढे चौदा दिवसांची रात्र होती, तापमान शून्याखाली शंभर अंशांच्याही कितीतरी खाली जाणार होते, आणि ती रात्र सोसण्यासाठी ही यंत्रे बनवलेली नव्हती. तरी ‘प्रज्ञान’चा पंख उगवत्या सूर्याच्या दिशेने वळवून ठेवला होता आणि दोघांचेही संदेश ऐकणारे रिसीव्हर चालू ठेवले होते. २२ सप्टेंबरला इस्रोने हाक दिली. उत्तर आले नाही.

पुढच्या जानेवारीत ‘स्लिम’ नावाचे जपानी यान चंद्रावर नाकावर आपटावे तसे उतरले. त्याचे पंख भलत्याच दिशेला होते. चांद्ररात्र सोसण्यासाठी तेही बनवलेले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रात्र संपल्यावर त्याला हाक मारली, तर त्याने ओ दिली. मार्चमध्ये दुसऱ्या रात्रीनंतर दिली, एप्रिलमध्ये तिसऱ्या रात्रीनंतरही दिली. त्यानंतर मात्र दिली नाही.